लष्करी ट्रकचा भाव फळ्यावर लावा

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. पोलाद मंत्री, भारत सरकार (सरकारी मालाचे लिलाव करणारी एमएसटीसी लिमिटेड ज्यांच्या मंत्रालयाखाली येते)
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : सैन्याने सेवेतून काढलेल्या ट्रकच्या लिलावातील भाव, गाड्यांची अवस्था आणि पुढील विक्रीचे वेळापत्रक जनतेसाठी खुले करण्याबाबत.

महोदय,



अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेडहून हे पत्र लिहीत आहे. मागणी सुरुवातीलाच सांगतो. सैन्याने वापरून बाजूला काढलेला ट्रक लिलावात केवढ्याला गेला, तो कोणत्या सालचा होता, कोणत्या अवस्थेत होता आणि पुढच्या वर्षी असे कोणते ट्रक निघणार आहेत, हे कोणाही माणसाला आपल्या भाषेत, कोणाच्या ओळखीशिवाय वाचता आले पाहिजे. हे ट्रक जनतेच्या पैशातून घेतलेले आहेत. ते विकताना मिळालेला भावही जनतेला कळावा.

हिवरखेडला लष्करी ट्रकशी काय देणेघेणे, असा प्रश्न आपल्याला पडेल. आमच्या भागाची जमीन पाहिली की उत्तर मिळते. गावाच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आणि मेळघाटचे जंगल आहे, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचे पाणी पिण्याच्या कामाचे नाही, म्हणून वान धरणातून 84 खेड्यांना नळयोजनेने पाणी द्यावे लागले. नळ बंद पडला की टँकरची वाट पाहावी लागते. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात शेतरस्त्यावर साधा ट्रक घातला तर चाके आसापर्यंत रुततात आणि तो काढायला दोन ट्रॅक्टर लागतात. कापूस, केळी, संत्रा, पानपिंपळी असा नगदी माल इथे पिकतो. अकोला-खंडवा मीटर गेज बंद झाल्यापासून तो सगळा रस्त्यानेच जातो. जुलै 2023 मध्ये शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात पुराने काय केले ते राज्याने पाहिले. अशा मुलखात चारही चाकांना जोर असलेली, उंच आणि दणकट बांध्याची गाडी टँकरला, आग विझवायला, पुरातून माणसे काढायला आणि बोअरचे यंत्र वाहायला उपयोगी पडते. हिवरखेड आता नगर परिषदेचे गाव आहे. नव्या नगर परिषदेची तिजोरी लहान असते आणि नवी फोर बाय फोर गाडी तिला परवडणारी नाही. जुनी, पण चांगल्या अवस्थेतली गाडी परवडू शकते. अडचण भावाची आहे. त्या गाडीचा वाजवी भाव काय, हे आम्हाला कुठून कळणार?

सैन्याचा जुना माल बाजारात येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर फोर्ड, शेवरोले, डॉज, जीएमसी अशा दोस्त सैन्याच्या गाड्या देशभर विकायला निघाल्या. लोक त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत. त्या गाड्यांवर लाकडी बॉडी बांधून कोणी प्रवासी वाहिले, कोणी जंगलातले ओंडके ओढले. त्यानंतर जबलपूरचे युग आले. 1959 पासून जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक तिथे बनू लागला आणि 1996 पर्यंत बनत राहिला. निसानच्या परवान्यावरची जोंगा आणि एक टनी गाडीही जबलपूरचीच. 1965 आणि 1971 च्या युद्धांत दारूगोळा, रसद आणि जवान वाहणारा शक्तिमान निवृत्त झाल्यावर महामार्गावर उलटलेले ट्रक उचलणारी क्रेन झाला. गाडी सैन्याच्या कामाची उरली नाही म्हणून ती देशाच्या कामाची उरत नाही असे होत नाही, हे या इतिहासाने दाखवले आहे. आता अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचे लष्करी ट्रक त्याच वाटेने बाहेर पडत आहेत.

आता भाव कसा ठरतो ते पाहू. बैलबाजारात गेलेला शेतकरी आधी जनावराचे दात पाहतो, मग त्याला चालवून पाहतो. ट्रकलाही दात असतात. सैन्याच्या गाडीच्या क्रमांकात वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे साल सांगतात. वय तिथे कळले. बाकीच्या गोष्टी मात्र पाटीवर लिहिलेल्या नसतात. इंजिन फिरते का, गिअरबॉक्स जागेवर आहे का, पुढच्या आसाला जोर पोचतो का, टायर किती उरलेत, कोणते सुटे भाग आधीच काढून घेतलेत, गाडी किती वर्षे उघड्यावर उभी होती, यावर सगळा भाव ठरतो.

या भावाला एक तळ असतो. ट्रकचे रिकामे वजन गुणिले लोखंडाचा भंगार भाव, हा तो तळ. समजा पाच टनी सांगाडा आहे आणि भंगार 30 रुपये किलोने जाते, तर तळ दीड लाखाचा झाला. गाडी कितीही वाईट असली तरी भंगारवाला जवळपास तेवढे देईलच. तळाच्या वर जे चढते ते इंजिनाचे, आसाचे, टायरचे आणि सगळ्यात जास्त कागदाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार संरक्षणाच्या कामावरच्या गाडीची नोंदणी वेगळी होते आणि ती त्या कामातून सुटली की तिला नागरी नोंदणीचे नियम लागू होतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 47 सैन्यातून आलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म 21 मधले मूळ विक्री प्रमाणपत्र मागतो. ते प्रमाणपत्र हातात पडले तर गाडी रस्त्यावर येते. ते मिळाले नाही तर दणकट गाडीसुद्धा शेवटी भंगारच ठरते. म्हणजे एकाच ट्रकचे दोन भाव असतात आणि दोन्हींमध्ये दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. यातला कोणता भाव धरायचा, हे बोली लावणाऱ्याला बोली लावण्याआधी कळायला हवे.

लिलाव 'जिथे आहे, जसे आहे' या अटीवर होतो. ही अट विकणाऱ्याच्या सोयीची आहे आणि कायद्याने चूकही नाही. पण माहिती नसताना ती सरकारच्याच खिशाला चाट लावते, हे मला आपल्या निदर्शनास आणायचे आहे. त्यासाठी एक हिशोब मांडतो. समजा, बाहेरून सारखे दिसणारे दोन ट्रक उभे आहेत. एक चालता आहे, त्याची खरी किंमत चार लाख. दुसरा नुसता सांगाडा, किंमत दीड लाख. दोन्हींची अवस्था जाहीर केली तर सरकारला साडेपाच लाखांच्या आसपास मिळतील. लपवली तर प्रत्येक ग्राहक सरासरीने म्हणजे पावणेतीन लाखांनी विचार करील, आणि नुकसानीच्या धास्तीने त्यातूनही पन्नास-पाऊणशे हजार कापून बोली लावील. दोन्ही मिळून सरकारच्या हाती चार-साडेचार लाखच येतील. वर, चार लाखांची गाडी भंगारवाल्याकडे गेली तर चांगले इंजिन कापून वितळवले जाते, ते नुकसान वेगळेच.

हा हिशोब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात माहिती एकाच बाजूला असली की चांगला माल बाजारातून निघून जातो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवले आणि 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लिलावात जो सगळ्यांत चढा अंदाज बांधतो तोच जिंकतो आणि पस्तावतो, हे 1971 मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी मांडले. या पस्तावण्याची भीती माहितीच्या अभावी वाढते आणि बोल्या खाली येतात. 1982 मध्ये पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी गणिताने सिद्ध केले की विकणाऱ्याने आपल्याकडची माहिती प्रामाणिकपणे जाहीर करण्याचे धोरण ठेवले तर सरासरीने त्याला भाव जास्तच मिळतो. लिलावाच्या याच शास्त्रासाठी मिलग्रॉम यांना रॉबर्ट विल्सन यांच्यासह 2020 मध्ये नोबेल मिळाले. म्हणून मी मागतो आहे ती सवलत नाही. त्यात तिजोरीचा फायदा आहे.

वऱ्हाडाला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. देशातला पहिला नियमन केलेला बाजार 1886 मध्ये कारंज्याला, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने सुरू झाला. त्यानंतर 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. तो देशातला या विषयावरचा पहिला कायदा. त्यामागचा इंग्रजांचा हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा असेल. पण वजन सर्वांसमोर, बोली सर्वांसमोर आणि भाव सर्वांना माहीत, ही शिस्त त्या बाजारांतून आली आणि शेतकऱ्याला तिचा आधार झाला. आज अकोटच्या बाजार समितीत कापूस केवढ्याला गेला हे संध्याकाळी आमच्या मोबाइलवर येते. राज्याचे पणन मंडळ रोज आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर जाहीर करते. भारतीय कापूस महामंडळाची अटही आम्हाला पाठ असते : ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, 12 टक्क्यांच्या वर गेला तर खरेदी नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, तो पेरणीआधीच कळला होता. या व्यवस्थेत अन्याय होत नाहीत असे नाही, आम्ही त्यांच्याविरुद्ध भांडतो. पण भांडायला हातात आकडा असतो. लष्करी ट्रक घ्यायला निघालेल्या छोट्या माणसाच्या हातात तसा आकडा नसतो. आकडा वर्षानुवर्षे लिलावात उतरणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याच्या वहीत असतो, आणि ती वही हेच त्याचे भांडवल.

पुढच्या भावाचा अंदाजही याच आकड्यांवर उभा राहतो. या व्यवहारात उद्याचा भाव सांगणे ज्योतिष नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, येणारा माल. सैन्य ट्रक एकेक करून काढत नाही. एका काळात घेतलेल्या गाड्या साधारण एकाच काळात निवृत्त होतात. एका जातीचे ट्रक एकदम बाजारात उतरले की भाव दबतो, आणि काही वर्षांनी तेच दुर्मीळ झाले की चढतो. जोंगाचे तसेच झाले. एकेकाळी भंगाराच्या भावाने जाणारी ही गाडी आता हौशी लोक शोधत फिरतात. 2019 मध्ये महेंद्रसिंह धोनीने जोंगा घेतली तेव्हा तिची चर्चा घराघरात पोचली. आज कोणत्या सालचे किती ट्रक सेवेत आहेत यावरून पंधरा वर्षांनी काय विकायला येईल हे सरकारला माहीत असते. ग्राहकाला निदान एक वर्ष आधी कळले तर तो पैशाची सोय करू शकतो.

दुसरी गोष्ट पोलादाचा भाव. भंगार महागले की तळ वर येतो आणि चालत्या गाडीतला व भंगारातला फरक कमी होतो. अशा वेळी चांगल्या गाड्याही तोडायला जातात. तिसरी गोष्ट नियम. ऑगस्ट 2021 मध्ये वाहन भंगार धोरण आले. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत केंद्रात तोडावी लागतात. संरक्षणाच्या मोहिमांसाठी वापरायच्या चिलखती आणि विशेष वाहनांना त्यातून सूट आहे. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या अवजड वाहनाच्या फिटनेसचे शुल्क 12,500 रुपये झाले. असा प्रत्येक नियम ट्रकचा भाव एका दिवसात बदलतो. सोळा वर्षांचा ट्रक आणि चौदा वर्षांचा ट्रक यांत दोन वर्षांचे अंतर राहत नाही. एक तोडायचा माल होतो, दुसरा चालवायचा. धुराने आणि अपघाताने माणसे मरू नयेत म्हणून केलेल्या या नियमांना माझा विरोध नाही. रस्त्यावर धोकादायक ठरेल ती गाडी तोडलीच पाहिजे. पण जी गाडी चालवता येण्यासारखी आहे तिची अवस्था आणि कागद स्पष्ट असावेत, आणि जी तोडायचीच आहे तिच्यावर तसे आधीच लिहिलेले असावे, एवढेच म्हणणे आहे.

बाहेर हे कसे चालते त्याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेने डिसेंबर 2014 मध्ये सैन्याच्या हमवी गाड्या पहिल्यांदा सर्वसामान्यांना ऑनलाइन लिलावाने विकल्या. पहिल्या खेपेत 25 गाड्या होत्या, बोली 10,000 डॉलरपासून सुरू झाली आणि सगळ्यात महाग गाडी 41,000 डॉलरला गेली. गाड्या रस्त्यावर चालवायच्या नाहीत, फक्त शेतात-रानात वापरायच्या, ही अट आधीच सांगितलेली होती. छायाचित्रे आणि तपासणीचा अहवाल ग्राहकाला पाहता येत होता. हिवरखेडमध्ये बसून मी हे आकडे लिहू शकतो, कारण ते उघडे होते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप सुरक्षेचा असेल आणि तो मी गांभीर्याने घेतो. कोणत्या तुकडीकडे किती गाड्या आहेत हे कोणालाच कळता कामा नये. पण विकून झालेल्या गाडीची जात, साल, अवस्था, विक्रीचा महिना आणि भाव सांगताना तुकडीचे नाव सांगावे लागत नाही. विक्रीला ठेवलेली गाडी पाहायला ग्राहक डेपोत येतोच. मग विक्रीनंतर तिचा भाव लपवून सुरक्षेत काय भर पडते? दुसरा आक्षेप असा की भाव जाहीर झाले तर व्यापारी संगनमत करतील. संगनमत बंद खोलीत जास्त सोपे असते. भाव खुले झाले की बाहेरचा माणूस बोली लावायला येतो, आणि संगनमत मोडते ते अशा नव्या बोलीनेच. तिसरा आक्षेप कामाचा बोजा वाढण्याचा. गाडी निकालात काढताना तिची तांत्रिक तपासणी करावीच लागते. तो कागद तयार असतो. त्यातले दहा रकाने लोकांसमोर ठेवायचे आहेत, इतकेच.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या शब्दांत मांडतो.

एक. गेल्या दहा वर्षांत विकलेल्या प्रत्येक ट्रकचा तक्ता एमएसटीसीने आपल्या संकेतस्थळावर नोंदणी न मागता ठेवावा. त्यात जात, साल, अवस्था, लॉटमधल्या गाड्यांची संख्या, विक्रीचे ठिकाण आणि अंतिम भाव असावा. पुढे दर महिन्याला त्यात भर पडावी. तक्ता मराठीतही असावा.

दोन. प्रत्येक गाडीला ठरावीक नमुन्याची अवस्था-चिठ्ठी असावी : इंजिन फिरते की नाही, किती किलोमीटर चालली, गिअरबॉक्स, आस आणि टायर कसे आहेत, कोणते भाग नाहीत. सोबत छायाचित्रे. चिठ्ठीतली माहिती खोटी निघाली तर बयाणा परत मिळावा.

तीन. 'नोंदणीयोग्य' की 'फक्त तोडण्यासाठी', हे लिलावाच्या यादीतच लिहावे. नोंदणीयोग्य गाडीचे फॉर्म 21 मधले प्रमाणपत्र पैसे भरल्यापासून ठरलेल्या मुदतीत मिळावे. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने त्यापुढच्या नोंदणीची पायरीवार माहिती आणि खर्च प्रत्येक आरटीओ कार्यालयाबाहेर लावावा.

चार. दहा-वीस गाड्यांच्या लॉटसोबत एकेका गाडीचेही लॉट ठेवावेत. मोठ्या लॉटचा बयाणा भरणे एका शेतकरी गटाच्या किंवा गॅरेजवाल्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

पाच. येत्या वर्षात कोणत्या जातीच्या साधारण किती गाड्या कोणत्या तिमाहीत निघणार, याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे.

सहा. टँकर, अग्निशमन आणि आपत्ती निवारण या कामांसाठी नगर परिषदा आणि ग्रामपंचायतींना, त्या जातीच्या आधीच्या लिलावांतल्या सरासरी भावाने, चांगल्या गाड्या आधी घेण्याची संधी द्यावी. सरासरी भाव जाहीर असल्याशिवाय ही संधी देताच येणार नाही, म्हणून पहिली मागणी सगळ्यांचा पाया आहे.

या कामाला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. संरक्षण मंत्रालयाने माहिती द्यायची, एमएसटीसीने ती मांडायची आणि परिवहन विभागाने कागद मोकळे करायचे. तिघांनी एकदा बसून ठरवले तर पुढच्याच लिलावापासून सुरुवात होऊ शकते. सुरुवात महाराष्ट्रातल्या डेपोंपासून करावी. त्या लिलावांत किती नवे ग्राहक आले आणि गाडीमागे किती भाव वाढला, हे वर्षभराने मोजावे. भाव वाढला नाही तर ही व्यवस्था बंद करण्याचा अधिकार आपला आहेच. वाढला, तर ती देशभर लागू करावी.

सीमेवर जवानांना वाहून नेलेली गाडी निवृत्तीनंतर खारपाणपट्ट्यात पाणी वाहणार असेल, तर तिच्यावर झालेला देशाचा खर्च दुसऱ्यांदा कारणी लागेल. त्यासाठी आम्ही फुकट काही मागत नाही. वाजवी भाव देण्याची आमची तयारी आहे. वाजवी भाव किती, ते आपण जाहीर करावे.

आपल्या लेखी उत्तराची आणि पहिल्या तक्त्याची अपेक्षा आहे.

आपला,
हिवरखेडचा एक शेतकरी
ता. तेल्हारा, जि. अकोला